गवंड्याचा पहिला प्रश्न

या गोष्टीतली जागा खरी आहे, तारखा आणि आकडेही खरे आहेत. माणसं तेवढी रचलेली: एक सुतार, एक गवंडी आणि एक बाई.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल नावाचं गाव आहे. नोकरी संपवून समुद्राच्या हवेत उरलेली वर्षं काढायला आलेली म्हातारी माणसं तिथे पुष्कळ. गावाच्या पश्चिमेला, पेव्हेन्सीच्या पाणथळ कुरणांच्या कडेला नॉर्थआय नावाची मोठी जागा ओसाड पडली होती. पूर्वी तिथे हवाई दलाच्या रडार केंद्रावरच्या लोकांची वस्ती होती. १९६९ मध्ये तिथे तुरुंग झाला. १९८६ मध्ये कैद्यांनी दंगल करून बराच भाग जाळला, आणि १९९२ मध्ये तुरुंगाला टाळं लागलं. पुढे संयुक्त अरब अमिरातीतल्या विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण केंद्र आलं, तेही गेलं. मागे राहिल्या फुटक्या खिडक्या, वाढलेलं गवत आणि तारेचं कुंपण.

सुतार याच गावचा. सत्तरच्या दशकात, ऐन तारुण्यात, त्यानं त्या तुरुंगाच्या इमारतींवर काम केलं होतं. छताला लावायचे पांढरट तक्ते तो आणि त्याचा जोडीदार करवतीनं कापत. धूळ इतकी उडायची की संध्याकाळी केस झटकले तर खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. ते तक्ते ॲस्बेस्टॉसचे होते. तीस वर्षांनी जोडीदार फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरनं गेला. सुतार वाचला, पण जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागे. दर मंगळवारी तो चर्चच्या सभागृहात बसे आणि लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देई.

तिथेच २०२२ च्या हिवाळ्यात गवंडी आला. अफगाणिस्तानातल्या हेरातचा, चाळिशीचा, हातांना जुन्या चुन्याच्या भेगा. त्या वर्षी छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून ४५ हजारांहून जास्त माणसं इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली होती, त्यांतला हा एक. शेजारच्या गावातल्या एका हॉटेलात सरकारनं त्याला ठेवलं होतं. खोलीत तिघं, जेवण ट्रेमधून, आणि हातखर्चाला आठवड्याला दहा पौंडांहूनही कमी. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला काम करायची परवानगी नव्हती. वर्षभर निकाल रखडला तर काम मागता येतं, तेही सरकारनं ठरवलेल्या मोजक्या कामांपैकीच. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा मात्र चालते. म्हणून तो मंगळवारी सुतारासमोर येऊन बसे आणि खुर्च्यांचे पाय घासून देई. सुताराला तो काका म्हणे. हेरातेतही वडीलधाऱ्याला काकाच म्हणतात.

बाई निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला. घर नॉर्थआयकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

२९ मार्च २०२३ ला मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की हॉटेलांवरचा खर्च आता सोसवत नाही. आश्रय मागणाऱ्यांसाठी सरकार मोठ्या जागा घेणार आहे: एसेक्समधलं वेदर्सफील्डचं विमानतळ, लिंकनशायरमधलं स्कॅम्प्टनचं विमानतळ आणि बेक्सहिलचं नॉर्थआय. नॉर्थआयमध्ये बाराशे माणसं राहतील.

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय उरला नाही. बाईंच्या फाटकावर विरोधाची पाटी लागली. सभा झाल्या. एका बाजूचे म्हणत, बाराशे माणसं आली तर दवाखान्यात आपला नंबर कधी लागणार? दुसऱ्या बाजूचे म्हणत, बाराशे माणसांना रस्त्यावर झोपवायचं का? दोन्ही बाजूंच्या तोंडी आकडा एकच होता.

हॉटेलात कुजबुज सुरू झाली की आपल्यालाच तिकडे नेणार. गवंड्यानं एका मंगळवारी विचारलं, "काका, ती जागा कशी आहे?"

"चल, दाखवतो," सुतार म्हणाला.

दोघं कुंपणापाशी उभे राहिले. कुठे काय होतं ते सुतारानं बोटानं दाखवलं: कोठड्या, भटारखाना, जळालेला भाग. मग त्यानं छताचे तक्ते दाखवले आणि जोडीदाराची हकीकत सांगितली. गवंड्यानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो कौलांच्या रेषा, भिंतीवरच्या ओलीचे डाग आणि पाण्याच्या नळ्या कुठून जातात ते पाहत राहिला.

मग म्हणाला, "इथे राहणार कोण?"

"बाराशे माणसं."

"तो आकडा झाला, काका. मी विचारतोय, कोण?"

सुताराला कळेना. गवंडी सांगू लागला. "मला घर बांधायला बोलावलं की मालक आधी जागा दाखवतो, मग पैसे सांगतो. मी म्हणतो, ते नंतर. पहिलं सांग, यात राहणार कोण? म्हातारी आई असेल तर उंबरा ठेंगणा करतो. रांगतं पोर असेल तर तंदूर दारापासून लांब घेतो. दमेकरी असेल तर धुराडं उंच नेतो. माणूस कळला की भिंत कुठे घ्यायची ते आपोआप कळतं. आणि मालकाला एकाही माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर मी ओळखतो. हा घर बांधत नाहीये. पैसे गुंतवतोय, नाहीतर शेजाऱ्याला दाखवतोय."

"सरकारला बाराशे नावं कशी ठाऊक असणार?"

"बाराशे नकोत. एक पुरे. एक माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि त्याला या खोलीत रात्री झोपवून बघायचं. त्याच्या डोक्यावर कुठलं छत आहे, ते लगेच आठवतं."

सुतार काही बोलला नाही. त्याला स्वतःच्या खांद्यावरची धूळ आठवली असावी.

पुढच्या मंगळवारी बाई सभागृहात आल्या. हातात शाळेतला जुना पृथ्वीचा गोल, त्याची लाकडी बैठक निखळलेली. सुतारानं बैठक हातात घेतली आणि गोल गवंड्यापुढे ठेवला. गवंड्यानं तो सावकाश फिरवला आणि एका जागी बोट टेकवलं.

"हेरात," बाई चष्मा न लावताच म्हणाल्या. "हरिरूद नदीच्या काठी. तुम्ही तिथले?"

"हो. सध्या हॉटेलात असतो. मला तुमच्या रस्त्यावर हलवणार म्हणतात."

बाई ओशाळल्या नाहीत. भूगोलाच्या बाई होत्या, समोरच्याला सरळ उत्तर द्यायची सवय. "माझ्या फाटकावरची पाटी तुम्ही वाचली असेल. ती मी काढणार नाही."

"काढू नका," गवंडी म्हणाला. "मलाही तिथे राहायचं नाही. तुम्ही त्या छताखाली एक रात्र झोपाल का?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आजवरच्या सभांमध्ये त्यांनी दवाखाना, रस्ता, गटार, घरांच्या किमती, सगळ्यावर भाषणं ऐकली होती, स्वतःही केली होती. आत राहणाऱ्याच्या छताबद्दल कोणी विचारलं नव्हतं. येऊ देऊ नका म्हणणाऱ्यांनी नाही आणि येऊ द्या म्हणणाऱ्यांनीही नाही.

ऑगस्टमध्ये गवंड्याच्या खोलीतला एक सोबती हॉटेल सोडून गेला. त्याला डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बंदरात बिबी स्टॉकहोम नावाच्या तरंगत्या बराकीवर हलवलं. पाचशे माणसं मावतील अशी ती सरकारनं भाड्यानं घेतली होती. ७ ऑगस्टला पहिली १५ माणसं तिच्यावर चढली. पाण्याचे नमुने त्याआधीच तपासायला गेले होते, पण निकाल हाती यायच्या आत माणसं चढवली गेली. निकाल आला तेव्हा कळलं की नळाच्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू आहेत, फुप्फुसांचा गंभीर आजार देणारे. ११ ऑगस्टला सगळ्यांना उतरवलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सोबत्यानं फोनवर सांगितलं, "चार दिवस आंघोळ केली, आता खोकला आला की घाबरतो." ऑक्टोबरात बराकीवर पुन्हा माणसं नेली. डिसेंबरात तिथे एका तरुणाचा मृत्यू झाला.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नॉर्थआय विकत घेतलं. गावाला दिसलं ते एवढंच की फाटकावर पहारेकरी आले. आत हातोड्याचा आवाज नाही, रंगाचा वास नाही. बाराशे माणसं येणार म्हणून काही लोक रोज रस्त्याकडे बघत, आणि रस्त्यावरून फक्त पहारेकऱ्यांची गाडी ये-जा करी.

७ ऑक्टोबरला हेरात हादरलं. ६.३ तीव्रतेचा भूकंप, त्याच दिवशी एकामागून एक धक्के, मग ११ आणि १५ तारखेला पुन्हा. हजारावर माणसं मेली, खेड्यातली मातीची घरं भुईसपाट झाली. पहिला धक्का भर दिवसा बसला. पुरुष बरेचसे घराबाहेर होते. मेले त्यांत बायका आणि मुलं फार होती.

तीन मंगळवार गवंडी आला नाही. चौथ्या मंगळवारी आला, आणि खुर्चीच्या पायाला हात न लावता बोलू लागला.

"मी बांधलेली बरीच घरं उभी आहेत, काका. दोन पडली. ती कुठली, ते मला फोनवर गावाचं नाव ऐकल्या ऐकल्या कळलं. एका ठेकेदाराला हिवाळ्याच्या आत वीस घरं हवी होती. निर्वासितांसाठीच होती ती, इराणातून परत आलेल्या लोकांसाठी. मी विचारलं, यात राहणार कोण? तो म्हणाला, वीस कुटुंबं. मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, तुला मजुरी हवी की नावं? मला मजुरी हवी होती. लाकूड कमी घातलं, माती सुकू दिली नाही, वर जड छत चढवलं. आयुष्यात तेवढं एकदाच मी उत्तराशिवाय भिंत उचलली."

सुतारानं त्याच्यापुढे चहा ठेवला. समजूत घालणारं काही बोलला नाही. त्यालाही ठाऊक होतं की काही धूळ झटकून जात नाही.

२०२४ च्या वसंतात गवंड्याला आश्रय मिळाला. कागद हातात आला, त्यावर सही होती, शिक्का होता. सुतारानं त्याला आनंदानं गावातल्या डे ला वॉर पॅव्हेलियनमध्ये नेलं. समुद्राकाठची ती पांढरी, काचेची इमारत म्हणजे बेक्सहिलचा अभिमान. गवंडी गोल जिन्यावर उभा राहून वर बघत राहिला, मग खाली, मग पुन्हा वर.

"हा कोणी केला?"

"एरिक मेंडेलसोन. जर्मन ज्यू. हिटलर आला तेव्हा, १९३३ मध्ये, देश सोडून इंग्लंडला आला. सर्ज चेर्मायेफ त्याचा भागीदार, तो रशियात जन्मलेला. १९३५ मध्ये इमारत उघडली."

"तो पण निर्वासित?"

"तो पण."

"त्याला कोणी काम करू दिलं?"

सुतार हसला आणि मग हसायचा थांबला. पण उत्तर दिलं. "गावानं स्पर्धा ठेवली. कोणासाठी बांधायचं ते आधी लिहून दिलं होतं: नाटक-गाणं ऐकायला येणारे दीड हजार जण, जेवायला येणारे दोनशे, वाचत बसणारे, नुसतेच समुद्र बघत बसणारे. मग आराखडे मागवले. या दोघांचा आराखडा पहिला आला."

गवंड्यानं कठड्यावर हात फिरवला. "म्हणून अजून उभी आहे," तो म्हणाला.

आनंद दोन दिवस टिकला. आश्रय मिळाला की सरकारी निवारा संपतो. अठ्ठावीस दिवसांत हॉटेल सोडायचं, असा नियम होता. तोवर काम करायची बंदी, म्हणून पगाराची चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणून भाड्याची खोली नाही. ज्याला सव्वा वर्ष सरकारनं हजारो पौंड खर्चून झोपवलं, त्याच्यावर मंजुरीच्या महिन्यातच रस्त्यावर झोपायची पाळी येते. इंग्लंडात अशी पाळी अनेकांवर आली आहे.

तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. पण मी अशी देणार नाही. आधी चौकशी करीन."

संध्याकाळी तिघं बाईंच्या स्वयंपाकघरात बसले. बाईंनी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते. सिगारेट ओढता का? रात्री किती वाजता येता? मोठ्यानं फोनवर बोलता का? स्वयंपाकात किती कांदा तळता? नमाज कुठे पढणार? पहाटे उठणार असाल तर जिन्याची तिसरी पायरी करकरते, ती टाळाल का? आजारी पडलात तर कोणाला कळवायचं?

मग गवंड्यानं विचारलं. हीटर कधी तपासला? खिडकी आतून उघडते का? उत्तरेच्या भिंतीला बुरशी का धरली आहे? तुम्हाला रात्री मदत लागली तर मला हाक कशी माराल? घरात आणखी कोण येतं-जातं?

सुतार तोवर खोलीच्या भिंती बोटांच्या पेरांनी वाजवून पाहत होता, छताला टॉर्च लावून बघत होता. खाली येऊन म्हणाला, "छत स्वच्छ आहे. बुरशी बाहेरच्या पन्हळीमुळे. पन्हळ फुटली आहे."

"पन्हळ मी बदलतो," गवंडी म्हणाला. "भाड्यातून वळती करा."

भाडं ठरलं, कागद झाला, दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. या सगळ्याला चहाच्या दोन फेऱ्या पुरल्या. निघताना बाईंनी बजावलं, "माझं मत बदललं, असं कोणी समजू नका. बाराशे माणसं त्या तुरुंगात कोंबणं चूकच आहे. पाटी राहणार."

"राहू द्या," गवंडी म्हणाला. "फक्त पावसानं तिचा खांब कुजलाय, तो मी बदलून देईन."

नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा, म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेचा, नॉर्थआयवरचा अहवाल आला. त्याच स्वयंपाकघरात बाईंनी तो वाचून दाखवला, वर्गात उतारा वाचावा तसा, मध्ये मध्ये थांबून.

ही जागा एका कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये ६३ लाख पौंडांना घेतली होती. जेमतेम वर्षभरानं गृहखात्यानं तीच जागा १ कोटी ५४ लाख पौंडांना घेतली. इमारतींत ॲस्बेस्टॉस आहे, जमीन दूषित असण्याचा धोका आहे, असं खरेदीच्या आधीच्या तपासणीत निघालं होतं. जागा राहण्याजोगी करायला २ कोटी पौंडांहून जास्त खर्च येईल, असा इशाराही मिळाला होता. तरी घाईत नेहमीच्या पायऱ्या गाळल्या गेल्या आणि व्यवहार पुरा झाला. आणि शेवटी काय, तर ज्यांच्यासाठी घेतली त्या आश्रय मागणाऱ्यांना ठेवायला ही जागा योग्य नाही, असं खात्यानंच ठरवलं.

"म्हणजे एकही माणूस राहिला नाही?" सुतारानं विचारलं.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "स्कॅम्प्टनचंही तेच. दोन हजार माणसं ठेवणार होते. सहा कोटी पौंड खर्च झाले आणि या सप्टेंबरात बेत रद्द. तिथेही एकही माणूस राहिला नाही. बिबी स्टॉकहोमही रिकामी करताहेत. मार्चमध्येच हिशेब आला होता की या मोठ्या जागा हॉटेलांपेक्षा स्वस्त पडायच्याऐवजी ४ कोटी ६० लाख पौंडांनी महाग पडणार."

"मग घेतल्या कशाला?"

बाईंनी अहवाल मिटला. "हॉटेलांचा खर्च लोकांना दिसत होता. वर्तमानपत्रात दिवसाला ऐंशी लाख पौंड असा आकडा येत होता. काहीतरी करतोय हे दिसायला हवं होतं. लवकर दिसायला हवं होतं."

"ठेकेदाराला हिवाळ्याच्या आत वीस घरं हवी होती," गवंडी म्हणाला.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सुतार म्हणाला, "मला एक कळत नाही. तपासणी झाली होती. ॲस्बेस्टॉस आहे असं लिहून आलं होतं. कागद वाचणारा माणूस आंधळा नव्हता. मग त्याला दिसलं कसं नाही?"

"दिसलं असणार, काका. पण ॲस्बेस्टॉस त्या कागदावर खर्चाच्या रकान्यात होता. तुमच्या जोडीदाराच्या छातीत नव्हता. खर्चाच्या रकान्यातली गोष्ट पुढे ढकलता येते."

बाई शिक्षिका होत्या. त्यांना उत्तर पुरं करायची सवय होती. "आणि आम्हीही काय वेगळे होतो? आम्ही दवाखान्याची रांग मोजली. माझ्या पाटीवरही आकडाच होता. जागा चुकीची आहे हे माझं म्हणणं बरोबर निघालं, पण ते बरोबर का आहे, हे मला ठाऊक नव्हतं. सभेत एकानं जरी उठून विचारलं असतं की आत झोपणाऱ्याच्या डोक्यावर काय आहे, तर दोन्ही बाजूंना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं."

"आता त्या जागेचं काय करतील?" सुतारानं विचारलं.

"विचार चालू आहे म्हणे. आश्रय मागणारे नकोत तर कोंडून ठेवायच्या लोकांना तिथे ठेवता येईल का, असं पाहताहेत."

गवंडी उठला आणि कप विसळू लागला. "आधी जागा, मग माणूस," तो म्हणाला. "अजून तेच. चावी हातात आहे म्हणून कुलूप शोधताहेत."

गोष्ट इथे संपते. हिशेब पुढे चालू राहिला. २०२५ च्या आरंभी पार्लमेंटच्या लोकलेखा समितीनंही या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं की आश्रय मागणाऱ्यांच्या निवाऱ्याचे २०१९ ते २०२९ पर्यंतचे ठेके साडेचार अब्ज पौंडांत होतील असं वाटलं होतं, ते आता १५.३ अब्जांवर जातील. हॉटेलांत राहणारे होते सुमारे ३५ टक्के, पण ठेक्यांच्या खर्चातला तब्बल ७६ टक्के वाटा हॉटेलांचा होता. ज्या हॉटेलांना पर्याय म्हणून तुरुंग, विमानतळ आणि बराक शोधली, ती हॉटेलं काही रिकामी झाली नाहीत.

सरकारकडे तज्ज्ञ होते, वकील होते, तपासणीचे कागद होते, पैसा तर होताच. बाईंकडे एक वही होती, सुताराकडे टॉर्च आणि गवंड्याकडे एक जुनी चूक. तरी खोलीचा व्यवहार जमला आणि नॉर्थआयचा फसला. एक खोली आणि बाराशे खाटा यांत फरक आहे, हे कोणीही मान्य करील. देशाचा कारभार चहाच्या दोन फेऱ्यांत होत नाही. पण काम जितकं मोठं, तितकी त्या पहिल्या प्रश्नाची गरज मोठी. बाईंनी न विचारता खोली दिली असती तर फार तर एक भाडेकरू खोकत राहिला असता. सरकारनं न विचारता घेतलं, तेव्हा दीड कोटी पौंड गेले, आणि जे छताची वाट पाहत होते ते होते तिथेच राहिले.

तात्पर्य: निवारा घेणाऱ्यानं किंमत आणि मुदत विचारण्याआधी तिथे झोपणारा एक तरी माणूस डोळ्यांपुढे आणावा. ज्याला तो आणता येत नाही, त्यानं कितीही पैसे मोजले तरी त्याच्या हाती फक्त भिंती लागतात. आणि अशा व्यवहाराला विरोध करणाऱ्यानंही तोच माणूस डोळ्यांपुढे आणावा; नाहीतर त्याचं म्हणणं खरं ठरूनही कोणाच्या उपयोगी पडत नाही.